कापायसाठीच छापलेलं कापड : गोधडीच्या प्रिंटांबद्दल गप्पा

केळफूल :
राम राम मंडळी. भरतकामाच्या चर्चेच्या धाग्यावर परवा माझ्या कामाचा विषय निघाला, तिथे दोघातिघांनी विचारलं की क्विल्टिंग फॅब्रिक डिझायनर म्हणजे तू गोधड्या शिवतेस का. नाही हो. शिवता येते, पण माझे टाके बघून आमच्या काकू तोंड फिरवतात. गोधडी शिवणाऱ्यांसाठी जे नवं सुती कापड छापतात ना, त्यावरची नक्षी मी काढते. तिकडे अवांतर नको म्हणून वेगळा धागा. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

माहेर यावलकडचं, टेक्स्टाइल डिझाइन शिकले, मग काही वर्षं सुरतेला साड्यांच्या छपाईच्या स्टुडिओत नोकरी, आता जळगावला घरूनच काम. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं बाहेरचं, अमेरिका आणि थोडं ऑस्ट्रेलिया, कारण तिकडे क्विल्टिंग म्हणजे मोठा छंद आहे, त्याची वेगळी दुकानं, मासिकं, गावोगावी मंडळं, आणि ह्यूस्टनला तर ह्या धंद्यातल्या लोकांचा मोठा बाजार भरतो.

साडीचं काम तसं सरळ. काठ इथे, पदर इथे, निऱ्या इथे पडणार हे आधीच ठरलेलं, चांगला मोर काढला की टाकायचा पदरावर, दिसणारच. गोधडीच्या कापडाचं पुढे काय होणार ते मला काही म्हणजे काही माहीत नसतं. कुणीतरी बाई येणार, फिरत्या पात्याच्या कटरने ते सरळ कापणार, माझ्या मोराची मान एका चौकोनात आणि पिसारा भलत्याच गोधडीत, आणि ती बाई काही चुकीचं करत नाहीये, कापड त्याच्यासाठीच घेतलंय तिने.

तिकडे तयार कापलेलं कापडही विकतात. अडीच इंची पट्ट्यांचा गुंडाळा, पाच इंची चौकोनांचा गठ्ठा, दहा इंची चौकोन. शिवताना प्रत्येक कडेला पाव इंच आत जातं, म्हणजे अडीच इंचाची पट्टी शिवून झाली की दोनच इंच दिसते. त्या दोन इंचात तुमचं चार इंचाचं फूल काय दिसणार डोंबल? एक पाकळी, अर्धा देठ, बाजूचं पान. म्हणून फूल पूर्ण बघताना छान दिसलं एवढ्याने भागत नाही, त्याचा कुठूनही उचललेला तुकडा बरा दिसला पाहिजे. मी पुठ्ठ्याला दोन इंची चौकोनी खिडकी कापून ठेवलीय. प्रिंटआउट काढला की ती खिडकी त्याच्यावर सरकवत बसते, आणि जिथे खिडकीत नुसतं मोकळं मैदान येतं तिथे पेन्सिलने फुली. मग त्या फुल्यांच्या जागी कुठे कळी, कुठे मुंगी, कुठे नुसते तीन ठिपके. पण सगळंच भरून टाकलं तर डोळ्याला बसायला जागा राहत नाही आणि कापड लांबून चिखल दिसतं, त्यामुळे हे भरणं-काढणं चालूच असतं, कित्येकदा कंटाळा येतो.

शिवाय एकटं प्रिंट कधी नसतंच. कलेक्शन असतं. त्यात एक मोठं, ठसठशीत, ज्याचा फोटो सगळीकडे लागतो ते. मग मधल्या आकाराची, रेघा, चौकड्या, आणि शेवटी अगदी बारीक, लांबून प्लेन वाटतील आणि जवळ गेल्यावर कळेल की काहीतरी आहे अशी. कौतुक मोठ्याचं होतं, पण गोधडी धरून ठेवतात ती बारीकवाली, आणि माझ्या अनुभवात परत परत मागणीही त्यांनाच येते. माझं आजवरचं सगळ्यात चाललेलं डिझाइन काय असेल? मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या. बाकी काही नाही, नुसत्या भेगा. काळ्यात, राखाडीत आणि एका मातकट गुलाबीत. घेणाऱ्यांनी त्याला भलतंच छान नाव दिलं, तिकडच्या बायकांना वाटतं फरशीची नक्षी आहे :)

बाकी प्रश्न विचारा तसं लिहीन.

---

तापीकाठचा :
ताई, जबरी लिखं शे! मनी आजीनी गोधडी आजून घरमा शे, हिवाळामा बठ्ठा पोरे तीच लेतस.
बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. भेगांचं वाचून हसू आलं, कारण आम्ही शिरपूरकडचे लोक त्या भेगा बघून पावसाचा हिशोब करतो आणि तुम्ही त्याच्यातून डॉलर काढले. जोक सोडा, पण ही नक्षी तुम्ही आधी कागदावर काढता का डायरेक कॉम्प्युटरवर? आणि कापडावर जोड दिसत नाही तो कसा काय?

---

मनमाड_जंक्शन :
पहिला प्रतिसाद अहिराणीत पडला म्हणजे धागा शंभरी गाठणार.
केळफूलताई, भरताच्या वांग्याचं कलेक्शन काढा की. हिरवं वांगं, पांढऱ्या रेघा, तयार प्रिंट आहे ते, तुम्ही नुसतं फोटो काढून पाठवा.

---

केळफूल :
@मनमाड_जंक्शन, पाठवलं होतं ओ! पलीकडून विचारणा आली की हे फळ कोणतं. वांगं म्हटल्यावर म्हणे वांगं जांभळं हवं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे त्यांना कुठे सांगत बसू, रेघा तेवढ्या ठेवल्या आणि वांगं काढून टाकलं. त्या हिरव्या-पांढऱ्या तुटक रेघा आता एका कलेक्शनमध्ये आहेत, कुणाला सांगू नका कशाच्या आहेत ते.

@तापीकाठचा, आधी कागदच. पोस्टर कलर नाहीतर शाईने सुटे सुटे तुकडे काढते, फुलं वेगळी, पानं वेगळी, मग स्कॅन करून कॉम्प्युटरवर मांडणी. जोडाचं असं आहे की मोठ्या प्रमाणात छपाई होते ती गोल फिरणाऱ्या स्क्रीनवर, म्हणजे बारीक भोकांचा पोकळ नळा, आत रंग, खालून कापड सरकतं. नेहमीच्या नळ्याचा घेर ६४ सेंटिमीटर. म्हणजे नक्षी ६४ सेंटिमीटरला परत पहिल्यापासून सुरू व्हायलाच पाहिजे, किंवा ३२ ला, किंवा १६ ला, ६४ ला पूर्ण भाग जाईल असं काहीही. पन्नासला संपणारी नक्षी कितीही सुंदर असो, नळ्यावर बसणार नाही. आणि प्रत्येक रंगाला वेगळा नळा लागतो, म्हणून रंग मोजून. नवीन मुलं चाळीस रंगांत पेंटिंग करून आणतात आणि मग रडतात.

जोड लपवायला साधारण एकच जुनी युक्ती, शेजारची ओळ अर्ध्याने खाली सरकवायची. विटांच्या भिंतीत जसे सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत तसंच. तरी कधी कधी लांबून बघितलं की एखादं पांढरं फूल ओळीने तिरपं पळताना दिसतं आणि मग ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही. त्यासाठी मी कापडाचा फोटो भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघते, घरचे म्हणतात हिला चष्मा लागला.

---

कळण्याची_भाकरी :
लेख छान वगैरे सगळं ठीक आहे, पण एक गोष्ट मला पचत नाही. चांगलं नवंकोरं कापड विकत घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि परत ते तुकडे जोडायचे. ह्याला आमच्याकडे येडेपणा म्हणतात. गोधडी कशाला होती? आईचं लुगडं फाटलं, बापाचं धोतर विरलं, टाकवत नाही म्हणून चार थर घालून धावदोरा मारला. त्यात नक्षी कुणी "डिझाइन" केली नव्हती. तुम्ही लोकांनी गरिबीच्या वस्तूचा छंद करून टाकला आणि आता त्याला प्रेरणा म्हणता. राग नको, पण वाटलं ते लिहिलं.

---

सुईदोरा :
कळण्याची_भाकरी, अर्धं पटलं अर्धं नाही. मी मूळची धुळ्याची, आता पुण्यात, फावल्या वेळात क्विल्ट शिवते आणि हो, नवीन कापड आणून कापते. पण "नक्षी कुणी डिझाइन केली नव्हती" हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या गल्लीत ओट्यावर गोधडी पसरली की चार बायका चार बाजूंना बसायच्या, आणि कुठलं ठिगळ कुठे ह्याच्यावरून भांडणं व्हायची अक्षरशः. लाल शेजारी लाल नको, इरकलीचा काठ मधे घे, तो फुलाफुलांचा ब्लाउजपीस कोपऱ्यात. हे डिझाइन नाही तर काय आहे? कागदावर नाही केलं म्हणून नाही का?

आणि अमेरिकेतही सुरुवात तिथूनच आहे. १९३० च्या मंदीच्या आसपास तिकडे पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत यायचं, बायका पोती उसवून त्याचे कपडे आणि गोधड्या शिवतात हे कंपन्यांनी बघितलं आणि मग पोत्यांवरच फुलाफुलांची प्रिंट छापायला लागल्या, म्हणजे बाई आमचंच पीठ घेईल. कंपनीचं नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईने छापायचे. म्हणजे कापायसाठी छापलेलं कापड तेव्हाही होतं, आणि ते गरिबांच्याच घरात होतं.

केळफूल, तू त्या केफ फॅसेट नावाच्या कापड-डिझायनरबद्दल काय म्हणतेस? मला त्याचे रंग म्हणजे जत्रा वाटतात, आवडतात पण घरात ठेवायची हिंमत होत नाही.

---

जुनाट :
उत्तम धागा. थोडी भर घालतो.
छापील सुती कापडाचं वेड युरोपला लागलं तेच मुळी आपल्याकडच्या मालामुळे. इतकं लागलं की फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुतावर बंदी घातली ती १७५९ पर्यंत, आणि इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. तिकडच्या लोकर-रेशीमवाल्यांचा धंदा बसायला लागला होता. ह्या मालात जुन्या खानदेशाचाही वाटा आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण विसरतो, पण ती फारुकी सुलतानांची आणि नंतर मोगल सुभ्याची राजधानी, आणि टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात तिथून गेला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तानात जातं. आजही तिथे यंत्रमाग खडखडतात. म्हणजे जळगावात बसून परदेशासाठी कापडावर फुलं काढणारी केळफूल ही काही नवलाई नाही, जुना धंदा नव्या वायरीवरून चाललाय इतकंच.

---

केळफूल :
जुनाट, हे आमच्या घरी वाचून दाखवलं, सासरे खूश. ते अमळनेरच्या प्रताप मिलचे भोंगे ऐकत वाढलेले.

@सुईदोरा, फॅसेट आजोबांचा जन्म १९३७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचे, १९६४ ला इंग्लंडला गेले ते तिथलेच झाले. फिलिप जेकब्ज आणि ब्रँडन मेबली ह्या दोघांबरोबर मिळून त्यांचं कलेक्टिव्ह आहे. रंगांची जत्रा म्हणालीस ते बरोबर, पण त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या कापडात पांढरा जवळजवळ नसतोच. आपण सवयीने जमीन पांढरी ठेवतो आणि वर रंग टाकतो, ते जमिनीलाच रंग देतात. आणि त्यांचं शॉट कॉटन म्हणजे ताणा एका रंगाचा बाणा दुसऱ्या रंगाचा, आपलं धूपछाव हो, ते आपल्याकडेच विणून जातं. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आईच्या एका जुन्या लुगड्याची आठवण झाली, डाळिंबी आणि हिरवा, चाललं की रंग बदलायचा.

@कळण्याची_भाकरी, राग अजिबात नाही. पण एक सांगू का, आता जुनी लुगडी राहिलीत कुठे? सुती नऊवारी नेसणारी पिढी गेली. आता घरात साडी म्हणजे सिंथेटिक, सुरतेहून भुसावळ पॅसेंजरने गठ्ठेच्या गठ्ठे येतात, आणि (हे पाप मीही केलंय) त्यांच्यावरची फुलं मीच काढलीत. त्याची गोधडी शिवून बघा, सुई सरकत नाही नीट, थर एकमेकांवर घसरतात, आणि उन्हाळ्यात अंगावर घेतली की घाम. म्हणून बोहारणीला देऊन पातेलं घेतात बायका, गोधडी नाही शिवत. सुती गोधडी हवी असेल तर सुती कापड कुठून तरी आणावं लागणारच.

आता कापसाचं सांगते, ते लिहायचं राहिलं होतं.

प्रेरणा कुठून येते असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी काहीतरी गोड उत्तर देते. खरं म्हणजे प्रेरणा ही अशी बाहेरून कुठून येत नाही, तुम्ही एकाच गोष्टीकडे फार वेळ बघत बसलात की ती स्वतःच सांगायला लागते. कपाशीचं फूल लहानपणापासून बघत होते, शेतातच वाढले, पण काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की एकाच झाडावर दोन रंगांची फुलं आहेत. फूल उमलतं त्या दिवशी मलईसारखं, पिवळट पांढरं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. मग मिटतं, वाळून गळतं, मागे हिरवं बोंड. म्हणजे झाडावर कधीही बघा, आजची फुलं पांढरी आणि कालची गुलाबी, एकत्र. आता डिझायनरला ह्याच्यापेक्षा काय पाहिजे, रंगसंगती झाडाने करूनच ठेवलीय. पाकळीच्या तळाशी एखाद्या वाणात गडद लाल डाग असतो, तो मी भिंगाने बघून काढला. कडेला पातं असतं ना, कळीभोवतीची ती करवती कडांची तीन पानं, त्याचं वेगळं बारीक प्रिंट केलं. आणि फुटलेलं बोंड, पांढरंशुभ्र, चार पाकळ्यांच्या वाळक्या टरफलात, ते मोठ्या प्रिंटमध्ये.

सगळं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पाठवलं. फुलं आवडली. पातं फार आवडलं. बोंडाला नकार. मला वाटलं चित्र जमलं नाही, परत काढून पाठवलं. तेव्हा त्यांच्या बाईने व्यवस्थित फोन करून समजावलं की चित्राचं काही नाही, फुटलेला कापूस अमेरिकेत नुसता कापूस नसतो, कापसाचे मळे म्हटले की गुलामगिरी आठवते, काळ्या लोकांच्या कित्येक पिढ्या त्यात गेल्या, आम्ही ते फुलाफुलांच्या गोधडीवर सजावट म्हणून छापणार नाही. मी खूप वेळ गप्पच. आमच्याकडे कापसाला पांढरं सोनं म्हणतात, दिवाळी कापूस विकूनच व्हायची. एकच बोंड. कुणाला काय दिसेल ते तुमच्या हातात नाही.

---

निंबाची_काडी :
माहेर चाळीसगाव, सध्या ओहायो. इथल्या क्विल्ट मंडळात मी दर महिन्याला जाते म्हणून लिहिते. केळफूल, त्या बाईने बरोबर केलं. आमच्या मंडळातल्या एका आजींच्या घरात कापसाच्या फांद्यांची फुलदाणी कुणी भेट दिली तर त्या घेत नाहीत.

आणि @कळण्याची_भाकरी तुमच्यासाठी खास. अलाबामामध्ये नदीच्या वळणात गीज बेंड म्हणून खेडं आहे. तिथल्या बायका म्हणजे त्याच कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्यांच्या लेकी-नाती. शेतात घालायच्या विरलेल्या पँटी, शर्ट, ओव्हरऑल ह्यांचे तुकडे जोडून गोधड्या करायच्या, कारण थंडी वाजायची, बस. गुडघ्याच्या जागचा गडद निळा आणि बाकी विटलेला निळा, तो फरकच नक्षी झाला. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि मोठमोठे समीक्षक आधुनिक चित्रकला म्हणून त्यांच्यापुढे उभे राहिले, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. तुम्ही म्हणता तीच जुन्या कपड्यांची गोधडी. फक्त डिझाइन नव्हतं हे म्हणू नका, त्या बायकांना विचारा.

---

कळण्याची_भाकरी :
ओव्हरऑलचं वाचून गप्प बसलो. गुडघ्याच्या जागचा रंग हे भारी आहे. बापाच्या धोतराला पण काष्ट्याकडे वेगळा रंग असायचा, गोधडीत तो पट्टा कळायचा.
तरी नवीन कापड कापायला माझा हात धजणार नाही. तो माझा प्रॉब्लेम.

---

मनमाड_जंक्शन :
भाकरी मऊ पडली. नोंद घ्या.

---

पोळ्याची_झूल :
मी फक्त वाचनमात्र असते पण माझ्या आयडीमुळे लिहिणं भाग आहे. बैलांच्या जुन्या झुलींवर तुकडे जोडून केलेलं काम बघितलंय का कुणी? लाल, पिवळ्या कापडाचे त्रिकोण, मधे आरशाचे तुकडे. आता बाजारात रेडिमेड चमकीच्या मिळतात. केळफूल, तू अजिंठ्याला जाऊन स्केच करतेस असं कुठेतरी लिहिलं होतंस, त्याबद्दल लिही ना. आणि पैसे किती मिळतात हेही लिही, सगळे लाजतात विचारायला.

---

केळफूल :
पैशांचं आधी. दोन पद्धती. एक, एकरकमी, डिझाइन दिलं, पैसे घेतले, हक्क त्यांचे, नाव त्यांचं. दुसरी, रॉयल्टी, कापड विकलं जाईल तसे घाऊक किमतीवर ठरलेले टक्के, आणि मग कापडाच्या काठावर तुमचं नाव छापतात. नवीन माणसाला पहिलीच मिळते. एकरकमीत पैसे लगेच हातात, रॉयल्टीत थांबा, कारण आज काढलेलं कलेक्शन दुकानात लागायला वर्षभर तरी जातं, म्हणजे मी उन्हाळ्यात घाम पुसत नाताळची लाल-हिरवी प्रिंट काढत असते आणि तीही पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या नाताळची. निव्वळ ह्याच्यावर घर चालतं का? माझं अजून पूर्ण नाही, सुरतेची कामंही घेते. आणि चोरी होते. माझं एक प्रिंट मी इथल्याच एका दुकानात पॉलिस्टरच्या ड्रेस मटेरियलवर बघितलं, रंग पण बदलले नव्हते. दुकानदार म्हणाला, ताई घ्या, नवीन डिझाइन आहे.

काठाचं सांगायचं राहिलं. छापील सुती कापडाच्या काठावर रंगीत ठिपक्यांची ओळ असते, बघितली असेल. जेवढे रंग तेवढे ठिपके, छापताना कुठला नळा सरकला तर तिथे लगेच कळतं. तिकडे काही बायका नुसत्या ह्या काठाच्या पट्ट्या साठवून, ठिपके आणि डिझायनरांची नावं दिसतील अशा गोधड्या शिवतात. मी काढलेलं फूल कापून फेकतात आणि काठ ठेवतात! पण माझं नाव त्यात कुठेतरी आहे म्हणून मला तक्रार नाही.

अजिंठा. लोक जातात ते पद्मपाणी बघायला आणि मान वर करतच नाहीत. एक आणि दोन नंबरच्या लेण्यांची छतं बघा कधीतरी. छत चौकोनांत वाटलेलं आहे, आणि त्या चौकोनांत कमळ, फळं, हंस, वेली, एकासारखा एक नाही तरी सगळे मिळून एकच कापड टांगलंय असं वाटतं, मांडवाला चांदवा बांधावा तसं. तिथे मी काय शिकले तर उजेड. आत अंधार, रंग काही नीट कळत नाहीत, पण फिकं आणि गडद एवढं कळतं आणि तेवढ्यावरच नक्षी उभी राहते. गोधडीचंही तसंच आहे. निळा का हिरवा हा प्रश्न नंतरचा, आधी फिका का गडद. घरी आल्यावर मी सगळी प्रिंट मोबाइलवर काळीपांढरी करून बघायला लागले आणि एका कलेक्शनमधली अर्धीअधिक एकसारखी राखाडी निघाली, म्हणजे शिवल्यावर सगळी एकमेकांत बुडाली असती. लाल शेजारी हिरवा खूप उठून दिसेल असं वाटतं, काळंपांढरं केलं की दोघं जुळे भाऊ. तेव्हापासून प्रत्येक कलेक्शनला एक खरा गडद आणि एक खरा फिका असतोच. गडद म्हणून काळा नाही देत, आपल्या मातीचा देते. ओली काळी माती बघा, तिच्यात तपकिरी असतो, थोडा जांभळा असतो, त्याच्यावर कुठलाही रंग बसतो.

आणखी एक, लेण्यांतल्या माणसांच्या अंगावरचे कपडे बघा. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आहेत, आजही दुकानात चालतील अशी. जळगावहून फर्दापूर काही लांब नाही, पावसाळ्यात जा, सोमवार सोडून, सोमवारी बंद असतं.

झुलीचं मात्र मला सुचलं नव्हतं. जुनी कुणाकडे असेल तर फोटो टाकाल का? कोपऱ्यातले त्रिकोण कसे वळवलेत ते बघायचंय.

---

सुईदोरा :
कोपऱ्यावरून आठवलं. कर्नाटकात यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात, आपल्या गोधडीची बहीणच. बाहेरच्या कडेपासून सुरू करून गोल गोल आत मध्यापर्यंत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात, ते नसेल तर गोधडी उघडी-नागडी समजतात. कुणी करून बघणार असेल तर सांगा, मी शिकतेय, मध्याला पोचेपर्यंत सगळं वाकडं होतं पण मजा येते.

---

तापीकाठचा :
ताई, एक कामाचा प्रश्न. आजीची गोधडी उसवलीय दोन ठिकाणी, ठिगळ लावायचंय, घरात आईच्या साड्या पडून आहेत पण त्यातली सुती कुठली आणि मिक्स कुठली ते कळत नाही. दुकानदार सगळ्यालाच कॉटन म्हणतो.

---

केळफूल :
कडेचा एखादा धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून काडेपेटीने पेटवा, घराबाहेर, पाणी जवळ ठेवून. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो, भुरभुर जळतं आणि बोटात चोळलं की मऊ राख. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला काळी टणक गोळी होते, ती चोळून फुटत नाही, गरम असताना हात लावू नका. मिक्स असेल तर थोडं जळेल थोडं गोळी होईल. ताणा आणि बाणा दोन्हीकडचे धागे वेगवेगळे जाळून बघा, बऱ्याच साड्यांत एक सुती आणि एक नसतो.

नवीन घ्यायचं असेल तर केंब्रिक किंवा पॉपलीन मागा. बाहेर ते गोधडीला वापरतात ते साधारण इंचाला ६० उभे ६० आडवे धागे असलेलं, ४४ इंच पन्ह्याचं साध्या विणीचं सूत असतं, आपलं केंब्रिक त्याच्या जवळ जातं. पण नवीन कापड आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर ठिगळ आटेल आणि जुन्या कापडाला ओढेल, जुनं विरलेलं असतं, ते फाटेल. आणि ठिगळ भोकाएवढं कापू नका, चांगलं चारी बाजूंनी दोन बोटं मोठं, जिथे जुनं कापड अजून टाका धरतं तिथपर्यंत.

रंग जुळवायच्या भानगडीत पडू नका, फक्त फिका-गडद बघा.

ह्या आठवड्यात माझं एक सबमिशन आहे त्यामुळे उत्तरं उशिरा देईन. तापीकाठचा भाऊ, उसवलेल्या जागेचा फोटो टाका, पण गोधडी उलटी करून, टाके दिसतील असा.